थोरलीची हजेरी

नवे मास्तर होडीतून उतरले तेव्हा त्यांच्या एका हातात पुस्तकांची पेटी होती आणि दुसऱ्या हाताने त्यांनी पृथ्वीचा गोळा छातीशी धरला होता. नावाड्याने पेटी घेतली. गोळा मात्र त्यांनी कुणाच्या हाती दिला नाही, आणि त्या नादात धक्क्यावर पाय टाकताना त्यांची एक चप्पल पाण्यात गेली. शाळेपर्यंतची चढण ते एका पायात चप्पल घालून चढले आणि वर आल्यावर धापा टाकत मला म्हणाले, "मावशी, इथली हवा फार छान आहे हो."

मी मनात म्हटलं, हा काही टिकत नाही.

शाळा माझ्याकडे होती. म्हणजे झाडणं, पाणी भरणं, घंटा देणं आणि जो कुणी मास्तर येईल त्याला दोन वेळा जेवायला घालणं. असे मास्तर मी पुष्कळ पाहिले होते. कुणाला इथलं मचूळ पाणी बाधलं, कुणाला वारा बाधला. एकाने तर आईच्या आजारपणाचं निमित्त इतक्या वेळा केलं की मला त्या माउलीचीच काळजी वाटायला लागली. सगळे गेले. बेट आहे तसंच राहिलं. एक गल्ली, दोन्ही बाजूंना पत्र्याची घरं, एक दुकान, एक विहीर, दोऱ्यांवर वाळत घातलेली मासळी आणि टेकाडावर एका खोलीची शाळा.

शाळेच्या पाण्याकडच्या खिडक्या फळ्या ठोकून बंद केलेल्या होत्या. मास्तरांनी पहिल्याच सकाळी विचारलं, "ह्या का बंद आहेत?"

"वारा येतो," मी म्हटलं.

"येऊ दे की!" असं म्हणून त्यांनी एक फळी उपटायला घेतली. खिळा काही निघेना, तशी सोडून दिली. मग त्यांचं लक्ष पहिल्या रांगेतल्या बाकाकडे गेलं. बाक लांबलचक होतं आणि ओलं होतं. मी नुकतंच पुसलं होतं, तरी त्यांनी बोट फिरवलं तर बोट भिजलं. त्यांनी वर छपराकडे पाहिलं. छप्पर कोरडं होतं. पाऊस पडून कितीतरी दिवस झाले होते.

"लाकडात मीठ मुरलंय," मी म्हटलं. "ते हवेतलं पाणी ओढतं." हे खोटं नव्हतं.

मग मुलं आली आणि दुसऱ्या रांगेपासून मागे बसली. सात वर्षांची चिमुरडी, मिसरूड फुटलेले दांडगे, सगळी एकाच खोलीत. पहिली रांग रिकामी. मास्तरांना वाटलं, मुलं बुजली असतील. त्यांनी हजेरी घेतली. शेवटचं नाव झालं, त्यांनी पट मिटला, आणि तेवढ्यात मागून एक आवाज आला, "हजर."

मग दुसऱ्या कोपऱ्यातून, "हजर." मग खिडकीपाशी बसलेल्या नावाड्याच्या पुतण्याने म्हटलं, "हजर." असे थोडे थोडे थांबून आवाज येत राहिले. मास्तर हसायला लागले. त्यांना वाटलं, नव्या मास्तरची खोड काढताहेत. सगळ्यांत शेवटी माझी धाकटी उठून उभी राहिली. ती स्वतःची हजेरी मघाशीच देऊन बसली होती, तिच्या नेहमीच्या किनऱ्या आवाजात. आता तिने खाली मान घालून, जरा जड, जरा घोगऱ्या आवाजात म्हटलं, "हजर."

मास्तरांचं हसू मावळलं, कारण वर्गात दुसरं कुणीच हसत नव्हतं. मी दारात केरसुणी घेऊन उभी होते. रोज त्या वेळी मी तिथेच उभी असायची. त्या शेवटच्या हजरसाठी मी दिवस काढत होते, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

धाकटीला तो आवाज कुणी शिकवला नव्हता. शिकवणार कोण? थोरली गेली तेव्हा धाकटी माझ्या पोटात होती, आणि ते मला एकटीलाच ठाऊक होतं. पण शाळेत घातल्यावर पहिल्याच दिवशी तिने बहिणीच्या नावाने तोंड उघडलं आणि माझ्या हातातली घागर निसटली. तो थोरलीचा आवाज होता. सर्दी झाल्यासारखा, कायमचा बसलेला. आई आहे मी, माझ्या कानांना ते कळतं.

मास्तर मात्र पोरांवर लट्टू झाले होते. महिन्याभरात त्यांनी वर्ग डोक्यावर घेतला. गोळा फिरवून देश दाखवले, समुद्राला भरती का येते ते सांगितलं, दोरीला दगड बांधून काय काय प्रयोग केले. पोरं घरी येऊन बडबड करायला लागली. आणि मग त्यांनी चाचणी घेतली.

त्या संध्याकाळी ते माझ्या स्वयंपाकघरात आले ते तणतणतच. ताट वाढलेलं होतं, पण ते बसेनात. "मावशी, तुमची मुलगी सातवीची गणितं तोंडी करते. मी विचारायच्या आत करते! आणि कागदावर भोपळा. एक अक्षर नाही. तीच नाही, सगळ्यांचे कागद कोरे. तिकडच्या कचेरीत मला सांगितलं होतं, तिथली मुलं मंद आहेत, मनाला लावून घेऊ नका. मंद? ही पोरं मला विकून खातील! मग हे काय चाललंय?"

धाकटी चुलीपाशी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि उठून बाहेर गेली.

मग मी सांगितलं. कधीतरी सांगावं लागणारच होतं. चौथीची परीक्षा पलीकडे, मोठ्या गावात होते. ती दिली की पुढे तिथल्या वसतिगृहात राहून शिकता येतं. त्या वर्षी चौथीतली सगळी पोरं तयार झाली होती. नावाड्याच्या थोरल्या भावाची होडी, बरोबर तेव्हाचे मास्तर. सकाळी धुकं होतं. होडी निघाली, ती पलीकडे पोचली नाही. दोन-तीन दिवसांनी होडी एकटीच परत आली, उपडी, आमच्याच धक्क्याला. पोरं सापडली नाहीत. एकही नाही. सापडली असती तर छाती पिटून घेतली असती, माती दिली असती, आणि मोकळे झालो असतो.

"लाकूड वाया कसं घालवायचं?" मी म्हटलं. "बेटावर एक झाड धड नाही. त्या होडीच्या फळ्यांचं बाक केलं. ती पोरं आता तिथेच बसतात. चौथीत आहेत. त्यांची परीक्षा राहिली आहे ना. मग त्यांना मागे टाकून दुसऱ्या कुणी पुढे कसं जायचं? एकटी पडतील ती. ज्याच्या-त्याच्या घरचं कुणीतरी त्यांची हजेरी देतं. कागद कोरा ठेवायचा, हे इथल्या पोरांना बोलायला लागल्यापासून ठाऊक असतं."

मास्तर खाली बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "मावशी, ती मुलं गेली. ही जिवंत आहेत. तुम्ही जिवंत मुलांना पुरताय."

मी ताट उचललं. "माझ्या घरात बसून माझ्या पोरीला मेली म्हणता? चालते व्हा." ते उपाशीच गेले. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला इतका संताप आला होता की ते ताट मी कोंबड्यांपुढे टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नको तेच केलं. लहान मुलांना हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. एक पोर किंचाळत घरी पळालं, आणि त्याच्यामागे सगळी. तिसऱ्या दिवशी शाळेत चिटपाखरू नव्हतं. नावाड्याने धक्क्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मास्तरला परत जायचं असेल तर माझी होडी तयार आहे. भाडं नको."

मास्तर गेले नाहीत. घंटा द्यायला मी जात नव्हते, तर त्यांनी स्वतः दिली. मी चार दिवस कळ काढली. पण बाक पुसल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून एका सकाळी फडकं घेऊन वर गेले. दाराशी पोचले आणि थबकले. आत मास्तर रिकाम्या वर्गापुढे उभे राहून हजेरी घेत होते. एकेक नाव मोठ्याने, नावामागे जरा थांबून. शेवटचं नाव झालं. त्यांनी पट मिटला. पण ते टेबलापासून हलले नाहीत. खाली मान घालून उभे राहिले. पहिल्या रांगेतल्या सगळ्यांची हजेरी व्हायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ त्यांनी दिला. कुणी पाहत नव्हतं त्यांना. मला वाटलं, हा माणूस वाईट नाही.

मला पाहिल्यावर ते म्हणाले, "मावशी, मी चुकलो. त्यांना उठवायला नको होतं." आणि जरा थांबून म्हणाले, "त्यांची परीक्षा राहिली आहे, असं तुम्हीच म्हणालात. मग आपण ती घेऊ या."

"काय घेऊ या?"

"परीक्षा. त्यांची. ती पास झाली की चौथी संपली. मग त्यांना मागे टाकून जाण्याचा प्रश्नच नाही. त्यांच्या वतीने हजेरी देता ना? तशी परीक्षाही द्यायची. मुलांनी नाही, आईबापांनी."

"मला साधी सही येत नाही, मास्तर."

"शिकवतो की. त्यासाठीच आलोय." मग त्यांचा आवाज एकदम करडा झाला. "पण फुकट पास करणार नाही कुणाला. खरा पेपर काढणार आणि खरे गुण देणार. तुम्ही त्यांना खोटं मानत नाही, मग मीही खोटा पेपर काढणार नाही."

ह्या माणसाला वेड लागलंय, असं मी धक्क्यावर जाऊन सांगितलं. मला वाटलं होतं, सगळे हसतील. नावाडी जाळं विणत बसला होता. त्याचा एकुलता एक मुलगा आणि भाऊ, दोघंही त्या होडीत होते. त्यानंतर त्याने एकाही पोराला आपल्या होडीत पाय ठेवू दिला नव्हता. तो खाली बघूनच म्हणाला, "बसायचं कधी?"

"काय?"

"परीक्षेला. दुपारी असेल तर बरं. सकाळी मला जमत नाही."

अशी सुरुवात झाली. पोरं शाळेत परतली, आणि दुपारी पोरं सुटली की आम्ही जाऊन पहिल्या रांगेत बसायला लागलो. बाक लहान मुलांच्या मापाचं. नावाड्याचे गुडघे हनुवटीला लागायचे. दुकानदारीण एकदा बसली की तिला दोघींनी ओढून काढावं लागायचं. ज्याने-त्याने आपापल्या पोराची जागा धरली होती. थोरली भिंतीकडून शेवटची. मी तिथे बसले की थोड्या वेळाने लुगडं ओलं व्हायचं आणि मी तशीच बसून राहायची. उठावंसं वाटायचं नाही.

घरी धाकटी माझा अभ्यास घ्यायची. काय तो तोरा! "आई, हा क आहे की कोंबडी? पुन्हा काढ." मी बेरजेत हातचा विसरले की कपाळाला हात लावायची. माझी पोर मला ढ म्हणाली, आणि मी ऐकून घेतलं. धाकटी आता तेरा वर्षांची झाली होती. थोरली गेली ती दहाव्या वर्षी. धाकटीला थोरलीचे कपडे होईनासे झाले त्या दिवशी मला मोठी बहीण कुठली आणि लहान कुठली, ह्याचा गोंधळ वाटायला लागला होता. त्यांच्या वयाचं गणित मला हातचा धरूनही सुटत नव्हतं.

शिकायला मी मंद नव्हते. सहा महिन्यांत दुकानातल्या डब्यांवरची नावं वाचायला लागले. पण पेपर जवळ आला तशा माझ्या चुका वाढल्या. नावाडीसुद्धा भागाकार करायला लागला आणि मी साध्या वजाबाकीत अडायला लागले. एका संध्याकाळी धाकटीने पाटी खाली ठेवली.

"आई, तू मुद्दाम चुकतेस."

"काहीतरीच बोलू नकोस."

"ताई नापास झाली तर मला जाता येणार नाही. सगळे पास झाले आणि ताई एकटीच राहिली, तर मला इथेच थांबावं लागणार. तिची हजेरी द्यायला." ती रडत नव्हती. ह्या पोरीला मी रडताना फारशी पाहिलीच नाही. "तू सांग मला. तुला मी जायला हवी आहे की नको?"

पलीकडे जायला पाणी ओलांडावं लागतं. आणि ती पोचली तरी काय? रोज सकाळी तो घोगरा आवाज मला कोण ऐकवणार? दोन पोरी होत्या माझ्या, आणि दोघी एकाच तोंडाने बोलत होत्या. एकीला सोडलं की दोघी जाणार. हे मी तिला कसं सांगू? मी चूल पेटवली आणि धुराचं निमित्त केलं.

परीक्षेच्या दिवशी सगळं बेट शाळेबाहेर येऊन बसलं. आत फक्त आम्ही. मास्तरांनी धुतलेला सदरा घातला होता. पायात दोन्ही चपला होत्या, पण निरनिराळ्या. त्यांनी पेपर वाटले आणि म्हणाले, "वर स्वतःचं नाव लिहायचं नाही. ज्याची परीक्षा आहे त्याचं लिहायचं."

मी थोरलीचं नाव लिहिलं. तिचं नाव मी आयुष्यात हजारदा हाकेत घेतलं होतं, पण कागदावर ते एवढंसं असतं हे मला माहीत नव्हतं. मग गणितं आली. पहिलं मला येत होतं. उत्तर डोळ्यांपुढे होतं आणि पेन्सिल मी वर धरून ठेवली होती. बाजूला नावाडी घाम पुसत, ओठ हलवत लिहीत होता. मी काहीच लिहिलं नसतं तर कुणाला काही कळलं नसतं. म्हातारी बाई, नाही जमलं, असंच म्हटलं असतं सगळ्यांनी. थोरली चौथीत राहिली असती. धाकटी घरी राहिली असती. मी कागद उलटा केला. मागच्या बाजूला शेवटचा प्रश्न होता. 'माझे घर', पाच ओळी लिहा.

तो प्रश्न थोरलीला होता. मी तिच्यासारखा विचार करायला लागले. ती काय लिहील? 'माझ्या घरात आई, बाबा आणि मी आहोत.' ते लिहून झालं. तिचे बाबा मागाहून जहाजावर गेले आणि तिकडचेच झाले, पण तिला काय माहीत? 'आमच्या घराला पत्रा आहे.' लिहिलं. 'आई चिडकी आहे पण चांगली आहे.' हे ती नक्की लिहिणार. मला हसू आलं. आणि मग पुढची ओळ सुचेना. मी पहिली ओळ पुन्हा वाचली.

त्या घरात धाकटी नव्हती. थोरलीला तिच्याबद्दल काही ठाऊकच नव्हतं. त्या सकाळी मी तिची वेणी घातली तेव्हा सांगणार होते, तुला भावंड होणार आहे म्हणून. मग म्हटलं, आत्ता नको, परीक्षेत लक्ष लागणार नाही. परीक्षा झाली की सांगू. ते सांगायचं राहून गेलं होतं. एवढी वर्षं एक पोर दुसरीच्या नावाने रोज उभी राहत होती, आणि त्या दुसरीला ही आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

परीक्षा आता चालू होती. मी पेन्सिल ओली केली आणि लिहिलं, 'मला एक बहीण आहे.' आणि पाचवी ओळ लिहिली, 'ती माझ्यापेक्षा मोठी झाली आहे.'

मग मी कागद सुलटा केला आणि सगळी गणितं केली. एकही सोडलं नाही.

मास्तरांनी शब्दाला जागून खरे गुण दिले. दुकानदारणीचा मुलगा काठावर वाचला. थोरलीचे दोन ठिकाणी गुण कापले, कारण मी 'चिडकी'ला पहिली वेलांटी दिली नव्हती आणि एका बेरजेत खरंच चुकले होते. निकाल सांगताना त्यांनी सगळ्यांची नावं घेतली आणि प्रत्येक नावापुढे "उत्तीर्ण" म्हटलं. माझ्या पोरीच्या नावाशी त्यांनी चष्मा पुसायला काढला. बाहेर लोक रडत होते, मोठ्याने, ऊर बडवून. इतक्या वर्षांत बेटावर पहिल्यांदा मोकळेपणी रडले सगळे. नावाडी तेवढा रडला नाही. तो थेट धक्क्यावर गेला आणि होडीच्या भेगा डांबराने बुजवायला बसला.

पलीकडच्या परीक्षेच्या सकाळी धुकं होतं. मी म्हटलं, आज नको. मास्तरांनी नावाड्याकडे पाहिलं. नावाडी म्हणाला, "एवढ्या धुक्यात मी रोज जातो, वहिनी." धाकटीने नवा फ्रॉक घातला होता. वेणी मी घातली. होडी निघाली, आणि लगेच दिसेनाशी झाली.

मास्तर मला सांगून गेले होते, "बारक्यांना आज तुम्ही सांभाळा. हजेरी घ्या आणि बसवून ठेवा." मी शाळेत गेले. सवयीने पहिली रांग पुसली. बारकी येऊन दुसऱ्या रांगेत बसली. मी पट उघडला आणि एकेक नाव वाचलं. जरा अडखळत, पण वाचलं. ती हजर, हजर म्हणत गेली. शेवटचं नाव झालं.

मी पट मिटला. आजवर मी त्या क्षणाची रोज वाट पाहिली होती. आज मला त्याची भीती वाटत होती. आज ते आवाज द्यायला कुणी उरलं नव्हतं. थोरलीची हजेरी देणारी पाण्यावर होती. आणि तरीही समजा, ह्या खोलीत, त्या भिंतीकडच्या जागेवरून आवाज आला तर? घोगरा नाही, धाकटीचा किनरा आला तर? माझी नजर त्या बाकावरून हलेना. पुसलेलं लाकूड पुन्हा ओलसर दिसायला लागलं होतं. मी कान दिले. बाहेर पाण्याचा आवाज होता. एक पोर नाक ओढत होतं. मी मनात म्हणत होते, बाई गं, बोलू नकोस. आज बोलू नकोस. तुझ्या पाया पडते.

कुणी बोललं नाही.

मी थांबले, जेवढा वेळ द्यायचा तेवढा दिला, त्याच्या दुप्पट दिला. कुणीच बोललं नाही. बाक रिकामं होतं. इतकी वर्षं मी ते पुसत आले, पण ते रिकामं आहे हे मला त्या सकाळी दिसलं. माझी थोरली तिथे नव्हती. ती कुठेच नव्हती. मी फडकं तोंडाशी धरलं आणि ओरडून रडले, पोटचं पोर गेल्यावर जसं रडायचं असतं तसं. बारकी घाबरली. मग एक धीट पोरगी जवळ येऊन म्हणाली, "आजी, आज सुट्टी का?"

"नाही," मी म्हटलं. "पाढे म्हणा."

दिवस कसा गेला ते विचारू नका. उन्हं कलली तेव्हा धुकं कधीच विरलं होतं आणि सगळं बेट धक्क्यावर होतं. होडी दिसली तेव्हा कुणी ओरडलं नाही. आत डोकी दिसत होती, पण पाण्यावरच्या चकाकीत चेहरे कळत नव्हते. नावाड्याने दोर फेकला. मास्तर उभे राहिले आणि एकेकाला उतरवताना त्यांनी नाव पुकारायला सुरुवात केली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. धाकटीचं नाव आलं.

"हजर," ती म्हणाली. तिच्या नेहमीच्या किनऱ्या आवाजात.

ती उडी मारून धक्क्यावर आली. मी तिचा दंड घट्ट धरला आणि तशीच उभी राहिले. मी कशासाठी थांबले आहे हे तिला कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि जरा भीतभीत म्हणाली, "आई, एकदाच म्हणाले. मी एकटीच आहे ना."

"हो गं," मी म्हटलं. "एकटीच आहेस." तिच्या वेणीला पाण्याचे शिंतोडे लागले होते, ते मी पदराने पुसले. मग विचारलं, "पेपर कसा गेला?"